डबलडे यांची दंतकथा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतील बेसबॉलवरील लेख वाचला. ॲबनर डबलडे यांनी 1839 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे या खेळाचा शोध लावला, असे लेखकमहाशयांनी इतक्या खात्रीने लिहिले आहे की जणू ते स्वतः त्या सामन्याचे गुण मोजत होते. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते. पुढे सेनाधिकारी म्हणून नावाजलेल्या या गृहस्थांनी लेखनही बरेच केले, पण बेसबॉल आपण निर्माण केला असा दावा 1893 मध्ये निधन होईपर्यंत कधी केला नाही.

ही कथा जन्मली कशी, हे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे होते, कारण ती संपादकांना आलेल्या एका पत्रातून जन्मली. जन्माने इंग्रज असलेले पत्रकार हेन्री चॅडविक बेसबॉलचे मूळ इंग्लंडमधील राउंडर्स या चेंडूफळीच्या खेळात आहे असे सांगत, आणि क्रीडासाहित्याचे बडे व्यापारी आल्बर्ट स्पॉल्डिंग यांना ते मुळीच रुचत नसे. स्पॉल्डिंग यांच्याच पुढाकाराने 1905 मध्ये बेसबॉलचे मूळ शोधण्यासाठी समिती नेमली गेली. त्याच वर्षी ॲबनर ग्रेव्ह्ज यांनी ओहायोतील ॲक्रन येथील एका वृत्तपत्राला पत्र लिहून डबलडे यांचे नाव पुढे केले. 1839 मध्ये हे साक्षीदार अवघे पाच वर्षांचे होते! तरीही 1907 च्या अखेरीस समितीने तोच निष्कर्ष काढला आणि 1939 मध्ये कूपर्सटाउनला बेसबॉलमधील नामवंतांचा गौरव करणाऱ्या ‘हॉल ऑफ फेम’चे उद्घाटनही झाले. देशाला आपला खेळ परक्याचा नको असला की पुराव्याचे ओझे किती हलके होते, हा खरा लेखाचा विषय होता.

प्रत्येक वाचकाच्या पत्राला असे भाग्य लाभत नाही. आपल्या क्रीडापानाने बेसबॉलला ‘अमेरिकेचे क्रिकेट’ म्हटले होते, तेव्हा मी सविस्तर पत्र पाठवले होते; त्यातील आपल्या दैनिकाची स्तुती करणारी दोन वाक्ये तेवढी छापून आली. हरकत कुठे गेली, हे मला आजतागायत कळलेले नाही.

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये लिहून काढलेले नियम आणि 19 जून 1846 रोजी होबोकेनच्या एलिशियन फील्ड्सवर झालेला सामना, यांचा लेखात उल्लेखही नाही. हे होबोकेन जर्सी सिटीला लागून आहे, आणि त्या भागात आपले कितीतरी मराठी वाचक राहतात.

याहून खटकले ते जॅकी रॉबिन्सन यांच्याविषयीचे वाक्य. 15 एप्रिल 1947 रोजी ते ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरले ‘आणि कृष्णवर्णीय बेसबॉल खेळू लागले’ असे आपण छापले आहे. मोझेस फ्लीटवूड वॉकर 1884 मध्येच टोलेडोकडून प्रमुख लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, खेळले होते; त्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी दार बंद करण्यात आले. म्हणून रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने 1920 मध्ये कॅन्सस सिटीत कृष्णवर्णीय खेळाडूंची नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. जर्सी सिटीत मुलीकडे राहत असताना शेजारचे एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ मला म्हणाले होते, “रॉबिन्सन तिकडे गेले याचा माझ्या वडिलांना अभिमान होता, पण रविवारी सगळी वस्ती ज्या संघाला पाहायला जायची, तो संघ मग बंद पडला.” अभिमान आणि हळहळ एकाच वाक्यात बोलणाऱ्या त्या माणसासमोर मी काय बोलणार होतो? कृष्णवर्णीयांच्या लीगमधले नामांकित फलंदाज जॉश गिब्सन तर प्रमुख लीगमध्ये एकदाही न खेळता जानेवारी 1947 मध्ये वारले. त्यांची .372 ही फलंदाजीची सरासरी (म्हणजे हजार संधींत 372 यशस्वी फटके) 2024 मध्ये अधिकृत नोंदींत आली, तेव्हा तोवर अव्वल असलेले टाय कॉब मागे पडले. सात स्तंभांच्या लेखात गिब्सन यांना एक ओळ मिळू नये?

दुरुस्ती छापणार असाल तर ती पुरवणीच्या त्याच पानावर छापावी, निविदांच्या जाहिरातींखाली नव्हे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, पुणे