शाल-श्रीफळ ठीक, पण रॅम्प कुठंय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

७ डिसेंबर आला की सैनिकांसाठीच्या ध्वजदिनाचा तो छोटासा झेंडा शर्टाला लावायचा, डब्यात दहा-वीस रुपये टाकायचे आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायचं, १९४९ पासून हेच चाललंय. मी पण त्यातलाच एक, उगाच शहाणपणा नाही करत.

पण गेल्या वर्षी आमच्या इथे एका जखमी जवानाचा सत्कार होता, ते व्हीलचेअरवर आले आणि स्टेजला पाचच पायऱ्या पण रॅम्प नाही, मग चार पोरांनी खुर्ची उचलली, एक चाक तिसऱ्या पायरीला अडकलं, त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला आणि खाली लोक टाळ्या वाजवतायत! मला तर मान वर करवेना.

आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं, तरी १९७२ ला जर्मनीत पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात गोल्ड मारलं, भारताचं पहिलं वैयक्तिक गोल्ड. पद्मश्री कधी? २०१८ ला. म्हणजे ४६ वर्षांनी, काय बोलणार.

पुण्यात खडकीला अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून, तिथले काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. किती पुणेकरांना माहितीये?

आमच्या हॉलला अजून रॅम्प नाही, परवाच बघून आलो. पायऱ्यांना नवीन टाइल्स मात्र बसवल्यात, गुळगुळीत.

– एक वाचक, पुणे