पाळीव कुत्र्यांचे वाढते वजन आणि मापाबाहेरचे खाणे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोव्यात घरी कुत्रा असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मात्र उरलेसुरले खाऊन दिवसभर वाड्यावर हिंडणारा राखणीचा कुत्रा आणि फ्लॅटमध्ये पंख्याखाली लोळणारा लॅब्रेडोर, बीगल किंवा पग यांची भूक सारखी दिसली तरी गरज सारखी नसते, हे अजून आपल्या पुरते ध्यानात आलेले दिसत नाही. पावसाच्या चार महिन्यांत फिरणे जवळजवळ बंद होते, वाटी मात्र तेवढीच भरली जाते, आणि चवथीला घरी आलेले पाहुणे "बरा गुबगुबीत झालाय हो" असे कौतुकाने म्हणतात. प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत हे कौतुक महागात पडते.

याबाबत एक ठोस पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत 48 लॅब्रेडोर कुत्र्यांच्या, एकाच वेतातील पिल्ले घेऊन, जोड्या लावण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न जन्मभर देण्यात आले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 13 वर्षे भरले, तर त्यांच्या भावंडांचे 11.2 वर्षे, शिवाय सांधेदुखीवरील उपचारांची गरजही पहिल्यांना बरीच उशिरा भासली. दोन्ही गटांचे अन्न एकच होते, फरक फक्त मापात होता. म्हणूनच कोणत्या कंपनीचे खाद्य चांगले यावर तासन् तास वाद घालणाऱ्या श्वानप्रेमींनी आधी आपण रोज किती ग्रॅम घालतो हे सांगावे, असे मला वाटते. बहुतेकांना ते सांगता येत नाही.

वजन जास्त आहे की नाही हे घरच्या घरी कळते. बरगड्यांवरून बोटे अलगद फिरवावीत. आपल्या पालथ्या पंजाची हाडे जशी पातळ कातडीखाली लागतात तशा बरगड्या लागल्या तर ठीक, आणि तळहातासारख्या मांसात दडलेल्या असतील तर चरबी साठली आहे असे समजावे. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे आणि बाजूने पाहता पोट मागच्या पायांकडे वर चढलेले असले पाहिजे. पशुवैद्य याच खुणांवरून 1 ते 9 असे गुण देतात. त्यात 4 किंवा 5 योग्य मानतात आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे ढोबळमानाने 10 ते 15 टक्के जादा वजन.

आता मापाकडे येतो. 10 किलो वजनाच्या कुत्र्याला निव्वळ विश्रांतीसाठी दिवसाला सुमारे 390 ते 400 किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या, बेताने फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी हा आकडा साधारण 630 पर्यंत जातो. वजन दुप्पट झाले म्हणून गरज दुप्पट होत नाही, त्यामुळे शेजारच्या मोठ्या कुत्र्याच्या मापाला नुसता भागाकार करून चालत नाही. कोरड्या खाद्यात 100 ग्रॅममागे बहुधा 350 ते 400 किलोकॅलरी असतात, म्हणजे या कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे 170 ग्रॅम पुरतात. त्याचे वजन 12 किलोवर गेले असेल, तर हिशेब 12 चा नव्हे, 10 चा धरायचा आणि सुरुवात 400 किलोकॅलरींच्या आसपास करायची. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के घट सुरक्षित मानली जाते, म्हणजे हे दोन किलो उतरायला दोन ते चार महिने लागतील. त्यापेक्षा घाई करू नये. नेहमीच्याच खाद्यात फार मोठी कपात केली तर कॅलरींबरोबर प्रथिने आणि खनिजेही कमी पडतात, म्हणून अशा वेळी प्रथिने व तंतू जास्त असलेले वजन कमी करण्याचे खास खाद्य पशुवैद्यांना विचारून निवडणे बरे.

खाद्यासोबत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या कपावर माझा विश्वास नाही. सकाळी मुलगा तो काठोकाठ भरतो, संध्याकाळी आजी त्यावर शीग लावते, आणि दोघेही आपण "एकच कप" घातला असे शपथेवर सांगतात. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्यावा, दिवसभराचे खाद्य सकाळीच मोजून एका डब्यात काढावे आणि घरातल्या प्रत्येकाने त्यातूनच घालावे; डबा रिकामा झाला की दिवस संपला.

खरे माप बिघडते ते डब्याबाहेर. खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत असावा, असा संकेत आहे. वरच्या 10 किलोच्या कुत्र्यासाठी तो साठेक किलोकॅलरींचा झाला, आणि तीन लहान ग्लुकोज बिस्किटांत तो संपतो. पोदेराचा 50 ग्रॅमचा एक पाव म्हणजे सुमारे 130 किलोकॅलरी. चहात बुडवून दिलेला तो पाव आजोबांच्या लेखी काहीच नसतो, कुत्र्याच्या हिशेबात मात्र दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा असतो. लॅब्रेडोर पाळणाऱ्यांनी तर याचना करणाऱ्या डोळ्यांना भुलूच नये. ब्रिटनमधील सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडोरांत भूक भागल्याची जाणीव मंदावणारा जनुकीय दोष असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले आहे.

खाद्य निवडताना पाकिटाच्या दर्शनी बाजूवरील चित्रांपेक्षा मागची बारीक अक्षरे वाचावीत. ते संपूर्ण व संतुलित आहे का आणि प्रौढ कुत्र्यासाठी आहे का, हे तिथे कळते. पिल्लांचे खाद्य प्रौढाला घालणे हे वजनवाढीचे नेहमीचे कारण आहे. डब्यातल्या ओल्या खाद्यात 8 टक्के आणि कोरड्यात 24 टक्के प्रथिने पाहून कोरडे सरस ठरवू नये, कारण ओल्यात पाणीच 75 ते 80 टक्के असते. पाणी वजा करून पाहिले तर ओले पुढे जाते. धान्यविरहित खाद्याच्या फॅशनचा मोह टाळावा. कुत्र्याला भात पचतो.

घरचे अन्न वाईट असे मी म्हणत नाही, पण हाडे काढलेली कोंबडी आणि उकड्या तांदळाचा भात एवढ्यावर वर्षे काढली तर कॅल्शियम हमखास कमी पडते. आपल्याकडे आणखी एक पद्धत आहे: सोमवारी आणि श्रावणात घरी मासळी नाही म्हणून कुत्र्यालाही नुसते वरण-भात. शाकाहारी आहार नीट आखला तर कुत्र्याला चालतो. वरण-भात म्हणजे तो आखलेला आहार नव्हे. हुमणाचा रस्सा कांदा, मीठ आणि खोबऱ्यामुळे त्याच्यासाठी नाहीच, आणि चवथीच्या नेवऱ्या किंवा नाताळचा केक देताना त्यातल्या मनुकांचा विचार करावा, कारण त्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पशुखाद्याच्या दुकानांत उघड्या गोणीतून सुटे खाद्य विकले जाते, त्याबद्दल माझी मोठी तक्रार आहे. त्यावर ना घटक, ना कॅलरी, ना मुदत. शिवाय आपल्या दमट हवेत असे खाद्य खवट व्हायला आणि त्याला बुरशी लागायला वेळ लागत नाही. ग्राहकाला त्याच्या मूळ पाकिटाचा तपशील मिळालाच पाहिजे.

पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा संचालनालयाला माझी विनंती आहे की, टोंक येथील रुग्णालयापासून तालुक्यातल्या दवाखान्यांपर्यंत सर्वत्र व्हरांड्यात एक सपाट वजनकाटा ठेवावा आणि केसपेपर न काढता कोणालाही आपला कुत्रा त्यावर उभा करू द्यावा. लहान कुत्रा उचलून घरच्या काट्यावर तोलता येतो. 35 किलोचा लॅब्रेडोर कडेवर घेणे सर्वांना जमणारे नाही. महिन्यातून एकदा नोंद झाली आणि मोजून खायला घालूनही वजन हलत नसेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी करण्याचा निर्णय पशुवैद्याला वेळेत घेता येईल.

आपला,
एक श्वानपालक, फोंडा