नागरिकत्व अर्ज कागदावर अडतात

महोदय,
पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांसाठीच्या नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली अर्ज करताना पात्रतेइतकीच कागदांची जुळणी महत्त्वाची. ११ मार्च २०२४ च्या नियमांत मूळ देशाचा आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आल्याचा, असे दोन वेगळे पुरावे लागतात. पहिल्यासाठी मुदत संपलेला पासपोर्ट चालतो, दुसऱ्यासाठी जुने वीजबिलही. खरी गोची नावाची: पासपोर्टवर आडनावच नाही, आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांचे नाव घालून तीन शब्द. हा फरक आधीच प्रतिज्ञापत्राने जुळवावा. अर्ज ऑनलाइन असला तरी जिल्हा समितीपुढे मूळ कागद घेऊन, शपथेसाठी जातीने जावे लागते. संधी देऊनही न गेल्यास प्रकरण नामंजुरीच्या विचारार्थ वरच्या समितीकडे जाते. निरोप मोबाइल-ईमेलवर येतो, म्हणून अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकू नये!

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली