रोजची भाकर

माननीय संपादक,

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातून माझ्या यजमानांना कमी केले, त्याला चार महिने झाले. पहिले काही दिवस सवयीने सकाळी सातला ते रिकामा डबा घेऊन दाराशी उभे राहत. मी डबा हातातून घेई, आणि आम्ही तिथेच गुडघे टेकत असू. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर 'आज'ची मागतात, महिन्याची नाही, हे मला तेव्हा उमगले. आता पीठही किलोकिलोनेच आणते.

हे मात्र चर्चला यायला संकोचतात. सगळे 'लागली का नोकरी?' एवढेच विचारतात. मंडळींनो, कृपया नुसते शेजारी बसा. आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) असलेल्यांना बेकारीत ९० दिवसांपर्यंत मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, हेही उपासनेनंतर सांगा. आम्हाला ते फार उशिरा कळले.

– एक भगिनी, फतेगंज, बडोदा