संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : माझ्या काकांचे नाव सिंगापुरात आहे, दिल्लीत नाही

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात बंगालच्या उपसागरात बेपत्ता झालेल्या माझ्या थोरल्या काकांचे नाव आमच्या गावच्या सैनिक स्मारकाच्या नव्या फलकावर कोरले जाईल, असा शब्द एका जबाबदार अधिकाऱ्याने भर कार्यक्रमात दिला होता. गेल्या आठवड्यात त्यांच्या कार्यालयाचे उत्तर आले. काका ‘ब्रिटिश सेवेत’ असल्याने नाव नियमात बसत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, एवढाच त्यातला मजकूर. खाली सही आहे, पण ती कोणाची हेही वाचता येत नाही.

काका ब्रिटिश नव्हे, भारतीय हवाई दलात होते. या दलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या स्क्वाड्रन 1943-44 मध्ये व्हेंजन्स नावाची बॉम्बफेकी विमाने घेऊन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. हे विमान लक्ष्यावर जवळजवळ सरळ खाली सूर मारत असे. पुढे वैमानिक आणि मागे तोंड करून मशीनगन सांभाळणारा एक सोबती, अशी दोघांचीच जागा. काका मागच्या जागेवर असत. आराकानच्या किनाऱ्यावरून परतताना त्यांचे विमान समुद्रात गेले. घरी तार आली ती ‘बेपत्ता’ अशी आणि पुढे बऱ्याच काळाने ‘मृत समजण्यात येत आहे’ असे पत्र आले.

महोदय, ‘समजण्यात येत आहे’ या शब्दांवर एका आईने उरलेला जन्म कसा काढला, ते मी पाहिले आहे. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध घातचतुर्दशीला करतात. दरवर्षी पितृपक्षात भटजी विचारीत आणि दरवर्षी आजी काकांच्या नावाचा पिंड ठेवू देत नसे. माझा मुलगा मेला असे कोणी डोळ्यांनी पाहिले असेल तर त्याला समोर आणा, असे ती म्हणे. आजी गेल्यावर तो पहिला पिंड माझ्या वडिलांनी ठेवला, तेव्हा ते माझ्यादेखत ढसाढसा रडले. त्यांना रडताना मी तेवढे एकदाच पाहिले.

सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर, ज्यांना थडगे लाभले नाही अशा 24,000 हून अधिक जणांची नावे आहेत आणि दक्षिण व पूर्व आशियाच्या आकाशात नि समुद्रात हरवलेले हवाई सैनिक त्यांत आहेत. माझे काकाही तिथे आहेत. दिल्लीत 25 फेब्रुवारी 2019 रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले, तेथे स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची जवळपास 26,000 नावे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकापुढे मी हात जोडतो. इंडिया गेटवरची नावे पहिल्या महायुद्धाची आणि 1919 च्या अफगाण युद्धाची आहेत. मग मधल्या महायुद्धात मेलेल्या अविभक्त हिंदुस्थानच्या 87,000 जवानांनी जायचे कुठे?

पारतंत्र्यातली सेवा चालत नसेल, तर तो नियम सगळीकडे एकसारखा लावा. हवाई दलाचा वर्धापनदिन दरवर्षी 8 ऑक्टोबरला थाटात साजरा होतो, तो दल 1932 साली त्या दिवशी स्थापन झाले म्हणूनच. अर्जनसिंग यांनी 1944 साली इंफाळच्या लढाईत पराक्रम गाजवला आणि त्यांना हवाई दलाचे मार्शल करून देशाने योग्यच सन्मान केला. ते परतले. त्याच युद्धात त्याच दलातून गेलेला माझा काका परतला नाही, तर तो परक्यांचा कसा ठरतो? दलाचा जन्म आपला, शौर्य आपले, फक्त मेलेले परके, हा हिशेब कोणत्या नियमात बसतो ते मला लेखी कळवावे.

सातबाऱ्यावर आमच्या पणजोबांचे नाव इंग्रजांच्या काळात लागले, ते आजच्या सरकारला चालते. त्या काळातले कायदे, कालवे, रेल्वे, कचेऱ्यांच्या इमारती, सगळे सरकारने वारशाने घेतले. माणूस तेवढा नाकारला जातो, कारण त्याच्यामागे अर्ज करायला एक म्हातारा पुतण्या उरला आहे आणि तोही फार दिवस कचेरीच्या पायऱ्या चढणार नाही, हे व्यवस्थेला पक्के ठाऊक आहे.

माझी मागणी साधी आहे. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या भारतीयांची, आणि त्यातही ज्यांना अग्नी वा माती मिळाली नाही त्यांची, नावे राजधानीत कोरली जावीत. तोवर गावच्या स्मारकांवर ती लावण्यास हरकत नाही, असे स्पष्ट परिपत्रक आपल्या सहीने निघावे. फलकाच्या खालच्या ओळीत अजून जागा मोकळी आहे आणि कोरण्याचा खर्च मी स्वतः देईन.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक पुतण्या