दिल्यास, उशिराने

प्रिय दिल्या,

सात महिन्यांनी लिहितोय. शिव्या राखून ठेव, भेटल्यावर घाल. इकडे सगळं ठीक, आईचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळीवर. फोन केला असता, पण तू मध्येच हसला असतास, म्हणून कागद.

गुरुवारी कंपनीने मला कॅम्पसला धाडलं होतं. आपल्याच भागातलं कॉलेज, नाव नको. जीईटीच्या, म्हणजे ट्रेनी इंजिनिअरच्या सहा जागा. अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आणि जीडीतून, म्हणजे ग्रुप डिस्कशनमधून, एकोणीस पोरं उरली. टेक्निकलला मी, शेजारी एचआरच्या मॅडम, आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि तिपटीने हुशार. कॉलेजने कुणी ट्रेनर आणला होता. त्याने सगळ्यांना एकाच सोऱ्यातून काढलेलं. वीकनेस विचारला की 'सर, आय अ‍ॅम अ परफेक्शनिस्ट'. एकाने तर सीव्हीत 'मेकॅनिकल'चंच स्पेलिंग चुकवलेलं. मी काही बोललो नाही, तू असतास तर त्याला फळ्यावर लिहायला लावलं असतंस.

बाराव्या पोराला डिप्लोमा आणि डायरेक्ट सेकंड इयरच्या मध्ये एक वर्षाची गॅप. 'कॉम्पिटिटिव्ह एक्झामची तयारी करत होतो,' म्हणाला. मॅडमनी विचारलं, 'कोणती?' झालं. कान लालबुंद. मग मी व्हर्नियरचा, म्हणजे जाडी मोजायच्या जबडेवाल्या पट्टीचा, लीस्ट काउंट विचारला, तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, तर म्हणे 0.2 मिमी. सुटलाच होता रे हातातून. का कोण जाणे, मी बॅगेतला व्हर्नियर त्याच्यासमोर ठेवला.

त्याने काय केलं माहितेय? आधी शर्टाच्या टोकाने दोन्ही जबडे पुसले. ते मिटवून खिडकीकडे धरले, फटीतून उजेड येतो का बघितलं. झीरो तपासला. मग माझं पेन उचलून मोजलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, 'सर, 0.02. मघाशी चुकलं.' विचारलं, कुठे शिकलास? मॅडमकडे बघत गप्प. शेवटी म्हणाला, 'काकांचं वर्कशॉप आहे, कुपवाड एमआयडीसीत. ते वर्ष मी लेथवर होतो. ट्रेनर सर म्हणाले, सांगू नको, वर्कर समजतील.'

दिल्या, 2004, चिंचवडला मामाची खोली, इंटरव्ह्यूची आदली रात्र. तू गादीवर, मी खाली. 'अण्णांच्या लेथचं काढू नकोस, वर्कर समजतील' हे कोण म्हणालं होतं? दुसऱ्या दिवशी तू गॅपचं कारण कावीळ सांगितलीस, आणि त्यांनी औषध कोणतं विचारलं. मी लागलो, तू परतीच्या एसटीत. माझ्या लग्नात यावरूनच भांडलो आपण. तू म्हणत होतास, भांडण तीनशे रुपयांचं आहे. ते तीनशे अजून माझ्याकडे आहेत आणि मी देणार नाही.

मॅडम म्हणतात, रिजेक्ट. आज गॅपबद्दल खोटं बोलला, उद्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर बोलेल. चूक नाही रे त्यांची. माझ्याच लाइनवर कुणी न मोजता आकडा भरला तर मी त्याला उभा ठेवणार नाही. पण खोटं त्या पोराचं की शिकवणाऱ्याचं?

संध्याकाळी बाहेर चहाच्या टपरीवर पोरांनी घेरलं, आणि मी मोठ्ठा शहाणा झालो. म्हटलं, गॅप एका वाक्यात सांगा आणि थांबा. येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, पुढचा प्रश्न सोपा येतो. प्रोजेक्टमध्ये स्वतःच्या हाताने काय केलं तेवढंच लिहा, विकतचा प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला पडतो. साडेतीन लाखांचं पॅकेज म्हणजे महिना 29,166 हातात नव्हे. त्यात बहुतेक ठिकाणी कंपनीचा पीएफचा वाटा आणि बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही धरलेली असते, तेव्हा इन-हँड विचारा. ओरिजिनल मार्कशीट दाखवा, ठेवून घेऊ देऊ नका. बाँड वाचल्याशिवाय सही नको. पोरं माना डोलावत होती. तो बारावा लांब पिंपळाखाली उभा होता, आला नाही.

आणि खरी मेख सांगू? सायलीचं फायनल इयर आहे. गेल्या रविवारी मीच तिला सांगितलं, एम-थ्रीची केटी, गणितात राहिलेला तो पेपर, विचारली तरच सांग, आणि विचारली तर आजारी होते म्हण. कावीळसुद्धा सुचवणार होतो. बापाच्या तोंडातून इतक्या वर्षांनी तेच.

वहिनींची शाळा सुरू झाली का? बडोद्यातलं घर बदललंस असं पम्या म्हणाला. चिरंजीवांना दहावीसाठी उगाच पिळू नकोस.

निवडीची शीट सोमवारी जायची आहे. त्याच्या नावापुढे रिमार्कचा रकाना मी अजून कोराच ठेवलाय. मॅडमशी भांडायचं तर मला एक गोष्ट पक्की हवी. तू नेहमी म्हणतोस, कावीळबिवीळ काही नाही, जीडीतच माती खाल्ली होती. ते खरं, की मला बरं वाटावं म्हणून? हे कुरिअरने पाठवतोय, शनिवारी मिळेल. रविवारी रात्री फोन कर. हसलास तरी चालेल.

तुझा,
बाळ्या