रॅलीला अख्खं कॉलेज, पंचनाम्याला दोन माणसं मिळत नाहीत

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

26 जून, म्हणजे आंतरराष्ट्रीय नशाविरोधी दिन आला की आपल्याकडे कॉलेजची पोरं, एनएसएस, दोन-चार क्लबवाले असे सगळे रस्त्यावर उतरतात, फलक, शपथ, पाहुण्यांचं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच पेपरात फोटो. माझा त्याला विरोध नाही, पोरांच्या कानावर चार गोष्टी पडतात ते चांगलंच आहे. पण नशेच्या धंद्याविरुद्ध समाजाने काय करायचं असं विचारलं की आपल्याला रॅलीच्या पुढे काही सुचतच नाही, आणि जिथे समाज खरोखर लागतो तिथे आपण शटर खाली ओढून घेतो, म्हणून हे पत्र.

पंचाचंच घ्या ना. पळासनेरकडून येणारी गाडी हायवेवर अडवली, सीटखाली गांजाच्या गोण्या निघाल्या, की पोलिसांना दोन पंच, म्हणजे झडती डोळ्यांनी बघून सही करणारे साक्षीदार लागतात. ढाब्यावर पन्नास माणसं असतात, व्हिडिओ काढायला सगळे पुढे आणि सहीचं नाव काढलं की "जाऊ दे ना भो, आपले काय करनं शे" म्हणत एकेक जण गाडीला किक मारतो. मग कुठल्यातरी सरकारी ऑफिसातला माणूस झोपेतून उठवून आणायचा, नाहीतर तोच तो ठरलेला पंच, ज्याची सही दहा केसमध्ये असते आणि आरोपीचा वकील कोर्टात पहिलं तेच दाखवतो. वजनकाटा येतो, गोण्या मोजतात, पाकिटाला लाखेचं सील लावून चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घेतात. त्या बोटभर चिठ्ठीवर बरीचशी केस उभी असते साहेब. काही वर्षांनी सेशन कोर्टाचं समन्स येतं, तोवर पंचाला कोणीतरी "भेटून" गेलेलं असतं, कधी भेटायचीही गरज पडत नाही, नुसती भीती पुरते, आणि तो पिंजऱ्यात उभा राहून सांगतो की माझ्यासमोर काही झालं नाही, पोलिसांनी कागदावर सह्या घेतल्या. झालं काम! मग चौकात आपणच म्हणणार, पोलीस विकले गेले. तेही कुठे कुठे खरं असतं, पण दर वेळी नाही.

1985 चा एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांविरुद्धचा कायदा तसा फार कडक आहे. 20 किलोच्या वर गांजा किंवा 50 ग्रॅमच्या वर एमडी (मेफेड्रोन) सापडली तर 10 ते 20 वर्षं, जामीनही सहज होत नाही. आणि शिक्षा एवढी मोठी म्हणूनच कोर्ट प्रोसिजर बारीक बघतं, झडती कशी घेतली, सील कोणी लावलं, नमुना कोणासमोर काढला, एक कडी निसटली की आरोपी मोकळा. 1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायद्यात झडतीचं शूटिंग करायचं आहे, तरी पंच लागतोच. आता हायवेलगतच्या प्रत्येक गावातल्या रिटायर्ड गुरुजींनी, बँकेतल्या लोकांनी, दुकानदारांनी ठरवून आपली नावं दिली, म्हणजे दर वेळी नवीन आणि न घाबरणारा माणूस मिळेल, तर त्याने किती केसेस टिकतील विचार करा. घाबरणाऱ्यासाठी 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा असतो, पण अर्ज सोडा, अशी योजना आहे हे तरी किती जणांना माहितीये? आपल्या सामाजिक संस्थांनी शपथेच्या फलकासोबत हा अर्ज भरून द्यायचं काम घेतलं तर काय बिघडेल?

दुसरं शिरपूर तालुक्याचं. सातपुड्याच्या पायथ्याला तुरीत, कपाशीत गांजा लावलेला सापडतो, पोलीस झाडं उपटतात, जाळतात, बातमी येते. आत जातो तो बहुतेक फॉरेस्टच्या तुकड्यावर कसणारा आदिवासी भाऊ. बियाणं कोणी दिलं, ॲडव्हान्स कोणी दिला, माल उचलायला गाडी कोणाची येणार होती, ते नाव बातमीत क्वचितच असतं. पैसा पुरवणाऱ्याला याच कायद्यात कलम 27अ खाली 10 ते 20 वर्षांचीच शिक्षा आहे बरं का. आणि कलम 47 म्हणतं की गावात असं पीक आहे हे कळल्यावर सरपंच, पंचायतीचे सदस्य, गावकामगार यांनी लगेच कळवायचं, नाही कळवलं तर त्यांच्यावरही कारवाई. एवढं उंच पीक गावाला दिसत नाही हे मी तरी मानणार नाही. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेरच्या बऱ्याच गावांना आणि नंदुरबारच्या मोठ्या भागाला पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा लागू आहे, नशेच्या वस्तूंच्या विक्रीवर बंधन घालायचा अधिकार ग्रामसभेला आहे. तर ग्रामसभेत ठराव व्हायला हवा, आणि त्यात शेठचं नाव विचारलं गेलं पाहिजे, नुसता गरिबाचा पोरगा आत पाठवून काय मिळणार?

शहरात वेगळाच प्रकार. मालेगाव-धुळ्याकडे "कुत्ता गोळी" कोणाला माहीत नाही? अल्प्राझोलम, झोपेची गोळी, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची. ती एच-वन यादीत आहे, म्हणजे मेडिकलवाल्याने वेगळं रजिस्टर ठेवायचं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या, आणि ते 3 वर्षं जपायचं. दुकानातून निघाली तर तिचा हिशोब असायलाच पाहिजे, बाहेरून खोक्यांनी आली तर कोणत्या एजन्सीकडून आली तो हिशोब पाहिजे. मोहल्ल्यातल्या बायकांना कोणत्या कोपऱ्यावर संध्याकाळी काय मिळतं ते पक्कं माहीत असतं. त्या दोनचार जणींनी एकत्र जाऊन औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली तर ऑफिसला हलावंच लागतं. महाराष्ट्रात बायकांनी दारूची दुकानं मतदान करून आडव्या बाटलीने बंद पाडलीत, हे काही त्यांना जड नाही.

नाव फुटायची भीती असेल तर नशेच्या धंद्याची खबर द्यायला सरकारचा 1933 हा हेल्पलाइन नंबर आहे, आणि खबर कोणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही असं कलम 68 मध्ये लिहिलेलं आहे. मात्र एक, खबर द्यायची म्हणजे पोराला पकडून खांबाला बांधायचं नाही, आणि अमुकच मोहल्ल्यातले असतात हे तर अजिबात बोलायचं नाही, आपल्या गावांनी त्याची किंमत आधीच भरलीये. जो स्वतः नशेत अडकलाय आणि थोड्या मालासोबत सापडलाय, तो आपणहून उपचाराला तयार झाला तर कलम 64अ प्रमाणे त्याच्यावर खटला टळू शकतो. आईबापांना हे कोणी सांगत नाही, ते वकिलाला पैसे देत बसतात. पुण्यात 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते लोकांच्या मदतीवरच, खान्देशात पैसेवाले काय कमी आहेत?

पैसेवाल्यांवरून आठवलं. ज्याच्या धंद्याबद्दल अख्ख्या गल्लीला माहितीये त्याचाच वाढदिवसाचा बॅनर चौकात, मंडळाच्या पावतीवर सगळ्यात मोठा आकडा त्याचा, आरतीचा मानही त्याला. ती वर्गणी परत करणारं एखादं तरी मंडळ मला बघायचंय. इटलीत लोकांनी दहा लाखांवर सह्या गोळा करून 1996 ला कायदा करून घेतला आणि माफियाची जप्त जमीन समाजाच्या कामाला मिळायला लागली, तिथे आज सहकारी संस्था शेती करतात. आपल्याही कायद्यात नशेच्या पैशातली मालमत्ता जप्त करायची सोय आहे, आणि सहकार तर आपल्याला शिकवायला नको. पण त्या प्लॉटचं पुढे काय झालं हे विचारायला कोणी जात नाही.

तुम्हालाही एक विनंती, साहेब. आरोपीला मधे बसवून, मागे पोलीस उभे आणि पुढे माल, असा फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापता. त्याच केसचा निकाल लागतो तेव्हा मात्र एक ओळ नसते. केस नंबर टाकला की तारखा आणि निकाल आता मोबाइलवर दिसतो. महिन्यातून एकदा चौकट द्या, या केसमध्ये पंच टिकले की फितूर झाले, शिक्षा लागली की सुटला, आणि सुटला तर कशामुळे. निकालपत्रं वाचायला माणूस लागत असेल तर आम्ही दोघं-तिघं रिटायर्ड लोक फुकट यायला तयार आहोत, देवपुरातून तुमचं ऑफिस फार लांब नाही.

आपला,
एक नियमित वाचक, देवपूर, धुळे